औषध न देणारी बाई

जी डॉक्टर नव्हे, परिचारिका नव्हे, सुईण तर नव्हेच नव्हे, आणि तरीही जिच्या आयुष्याची पस्तीस वर्षे दवाखान्यांच्या पडव्यांत व बाळंतिणींच्या खोल्यांच्या उंबरठ्यांवर गेली, अशा बाईने आपला व्यवसाय काय म्हणून सांगावा, हा पेच माझ्यापुढे अजूनही उभा राहतो. ‘समाजशास्त्रज्ञ’ हा शब्द उच्चारावयास जड आणि ऐकावयास त्याहून जड. आमच्या अहमदपुरात तो उच्चारला तर ऐकणारा मनातल्या मनात त्याचे ‘समाजसेविका’ असे सोपे रूपांतर करून घेतो, आणि आता हिच्या झोळीतून वर्गणीचे पावतीपुस्तक निघणार या शंकेने जरा मागे सरकून बसतो. घरच्या वडीलधाऱ्या मंडळींची अडचण निराळी होती. “दवाखान्यात जातेस, मग औषध का देत नाहीस? आणि औषध द्यावयाचे नाही, तर दवाखान्यात जातेस कशाला?” असा थोरल्या काकांचा रोकडा सवाल असे. त्याला सभेत शोभेल असे उत्तर मजपाशी होते. ओसरीवर पटेल असे नव्हते. ज्या खेड्यांतून मी हिंडले तेथील बायकांनी मात्र हा पेच केव्हाच सोडवून टाकला होता. टोचणारी बाई आली, डोस पाजणारी बाई आली, तशी ही ‘औषध न देणारी बाई’ आली. एवढ्या नेमक्या शब्दांत माझ्या शास्त्राची व्याख्या कोणत्याही ग्रंथकाराने केल्याचे माझ्या वाचनात नाही.

डॉक्टर रोग्याला विचारतो, “काय होते?” प्रश्न मोलाचा खरा, पण तो विचारला जाण्यापूर्वी रोगी डॉक्टरपुढे येऊन बसलेला असावा लागतो. तो तेथवर आला कसा, दुखणे लागल्यापासून किती दिवसांनी आला, मधल्या काळात त्याने कोणाकोणाला सांगितले, ‘जाऊ दे, होईल बरे’ असे कोण म्हणाले, पैसे कोणाच्या कनवटीचे निघाले, आणि जो आलाच नाही तो का आला नाही, हे प्रश्न वैद्यकाच्या पुस्तकांत क्वचितच आढळतात. ते विचारावे, उत्तरे शब्दशः टिपून घ्यावी, मोजावी, आणि मोजून झाल्यावर त्यांचा अर्थ लावावा, हा माझा धंदा. अमेरिकेतील रॉबर्ट स्ट्राउस या समाजशास्त्रज्ञाने १९५७ साली या धंद्याचे दोन भाग पाडून दाखविले. वैद्यांच्या पंक्तीस बसून त्यांच्या कामाला हातभार लावणारा एक. आणि वैद्य, दवाखाना व औषधोपचार यांनाच अभ्यासाचा विषय करणारा दुसरा. एकाच माणसाने ही दोन्ही कामे करू म्हटले तर ती एकमेकांच्या आड येतात, असेही त्याने बजावले होते. मी दोन्ही केली आहेत. माझा अनुभव इतकाच, की पहिल्या कामात चहा मिळतो, दुसऱ्यात मिळत नाही.

हे शास्त्र पाश्चात्त्यांकडून आयात केलेली चैन आहे, असे कोणास वाटेल. त्यांनी पुण्याच्या १८९७ सालच्या प्लेगची आठवण करावी. आपल्या घरांतून ती गोष्ट चार पिढ्या सांगितली जात आहे; पण ती रँडच्या वधाची म्हणून. मला ती निराळ्या कारणासाठी आठवते. रोगी हुडकून वेगळा काढावा, त्याचे घर धुऊन काढावे, हा विचार त्या काळच्या वैद्यकाला धरूनच होता. परंतु गोरे सोजीर थेट माजघरात व देवघरात शिरले, बायकामाणसांच्या अंगाला हात लावून तपासू लागले, तर लोक काय करतील, हे विचारण्याची गरज कोणास भासली नाही. लोकांनी तेच केले जे कोणीही केले असते. त्यांनी रोगी लपविले. रोगाचे निदान बरोबर असूनही माणसाचे निदान चुकले तर औषध कसे उलटते, याचे याहून ठळक उदाहरण शोधावयास परदेशी जाण्याचे कारण नाही.

महाराष्ट्रात असे प्रश्न शिस्तीने विचारण्याची परंपरा ज्या वास्तूंतून वाढली त्यांत पुण्याच्या गोखले संस्थेचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. १९३० साली धनंजयराव गाडगीळांच्या हाताखाली ती उभी राहिली. संस्था अर्थशास्त्राची, परंतु माणसे किती जन्मतात, किती मरतात, हे ठाऊक नसता अर्थशास्त्र तरी कसे व्हावे? त्या संस्थेतील कुमुदिनी दांडेकर यांचे नाव आज घराघरांतून ठाऊक असावे तितके ठाऊक नाही, याचे मला नेहमी वैषम्य वाटते. पती वि. म. दांडेकर यांच्यासह त्यांनी पुणे जिल्ह्यातील जनन व मृत्यू यांची पाहणी १९५३ साली प्रसिद्ध केली. १९५५ साली सोवनी यांच्यासह नाशिक, कुलाबा व उत्तर सातारा या जिल्ह्यांची केली, आणि १९५९ साली सहा खेड्यांची. पुढे १९६३ साली महाराष्ट्रातील पुरुष-नसबंदीच्या शिबिरांवर त्यांनी लिहिले. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडणाऱ्या बायकांवर १९८३ साली लिहिले, आणि १९९६ साली देशातील वृद्धांवर ग्रंथ सिद्ध केला. पाळण्यापासून काठीपर्यंतचा हा प्रवास एका बाईने हातात कागद-पेन्सिल घेऊन केला.

आज हे वाचताना सोपे वाटते. पण पन्नाशीच्या दशकात खेड्यातील घरात शिरून, ज्या सुनेचा आवाजही सासऱ्याने ऐकलेला नाही तिला ‘तुला मुले किती झाली, त्यांतली गेली किती’ असे विचारावयाचे, म्हणजे काय, याची कल्पना या धंद्यात उतरल्यावरच येते. मुलांचा आकडा सांगताना बाई हयात मुले सांगते. गेलेली विचारली तर चालती-बोलती होऊन गेलेली सांगते. बारशाच्या आधीच गेलेले मूल ती मोजीत नाही. त्याला नाव नव्हते, मग ते कोणाच्या खाती मांडावे? म्हणून आम्हांला शिकविलेला प्रश्न असा असे: “पाचवी पुजली आणि मग गेले, असे कोणी होते का?” पाचवीचे नाव काढताच बाईचा हात थांबे. कित्येक घरांतून त्या एका शब्दाने दोन-दोन मुले सापडली आहेत. बालमृत्यूचे जे आकडे आपण वर्तमानपत्रांत वाचून पान उलटतो, त्यांत ही नाव नसलेली मुले आहेत की नाहीत, हे प्रश्न कसा विचारला होता यावर अवलंबून असते.

कुमुदिनीबाईंच्या कामातील एका लेखाने मला विशेष वेड लावले. १९६५ साली सरकारने संततिनियमनासाठी लूप देशभर आणला. पहिल्या वर्षी आठ लाखांवर बायकांना तो बसविला गेला, दुसऱ्या वर्षी नऊ लाखांवर. आणि १९६८-६९ साली हा आकडा पाच लाखांच्या आत आला. सरकारी दृष्टीने पाहता बायका ‘मागासलेल्या’ आणि ‘अडाणी’ ठरल्या, आणि प्रकरण मिटले. १९७१ साली कुमुदिनी दांडेकर व सुरेखा निकम यांनी एक लेख लिहिला. त्याच्या मथळ्यातच त्यांनी सवाल टाकला होता, की फसले ते काय? लूप फसला, तो राबविणारे फसले, की योजना आखणारे फसले? आजवर प्रश्न बायकांना विचारला जात होता. तो उलट फिरवून साहेबांच्या टेबलावर ठेवता येतो, हे मला प्रथम त्या मथळ्याने शिकविले. स्ट्राउसने सांगितलेला दुसरा भाग तो हाच.

या पहिल्या पाहण्या झाल्या त्या मुंबई इलाख्याच्या जिल्ह्यांतून. आमचा मुलूख त्यांत नव्हता. बालाघाटच्या माथ्यावरील आमचे अहमदपूर सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, बीदर जिल्ह्यात होते. १९५६ साली ते तेव्हाच्या उस्मानाबादेत गेले, आणि १६ ऑगस्ट १९८२ पासून लातुरात आले. आमच्या वाड्याचा एक दगड हलला नाही, पण पत्ता तीनदा बदलला. याच निजामी राज्यात, सिकंदराबादेस, १८९७ च्या ऑगस्टात रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू दिसला, ही गोष्ट आम्हांला शाळेत मोठ्या अभिमानाने सांगत. जंतू सापडला, हे थोर कार्य झाले. परंतु थंडीने कुडकुडणारा माणूस क्विनाइन मिळत असताही आधी अंगाऱ्याकडे का जातो, हे सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. त्यासाठी त्याच्या ओट्यावर बसावे लागते, आणि तो ओटा आमच्या भागात फारसा कोणी झिजविला नव्हता.

तेव्हा १९७९ च्या उन्हाळ्यात मी औरंगाबादेहून एक प्रश्नावली घेऊन घरी आले. मराठवाडा विद्यापीठातील माझे शिक्षण चालू होते, आणि खेड्यांत जाण्यापूर्वी घरच्याच बायकांवर प्रश्नांचा सराव करून पाहावा, अशी शिक्षकांची सूचना होती. आमचे घर तेव्हा एकवीस माणसांचे. दुपारची जेवणे उरकली, की माजघरात आजी तांदूळ निवडीत बसे, आणि तिच्याभोवती आई, थोरली काकू, धाकटी काकू अशा बसत. बसत म्हणजे तिघी बसत. धाकटी काकू उभी असे. ती पंगतीला वाढताना उभी, ताक घुसळताना उभी, आणि सगळ्यांची जेवणे झाल्यावर चुलीपाशी दोन घास घ्यावयाचे तेही अर्धवट उभ्यानेच. आमच्या घरी याचे फार कौतुक होते. पाहुण्यांना सांगत, “आमची धाकटी सून म्हणजे वीज. बसलेली म्हणून दिसावयाची नाही.” सोयरिकी जुळविताना दुसऱ्या घरच्या मुलींपुढे तिचे उदाहरण ठेवले जाई.

मी तिच्यापुढे कागद धरला आणि वाचले, “गेल्या वर्षभरात आपणांस काही दुखणे होते काय?”

उत्तर आजीने दिले. “तिला काय धाड भरली आहे?”

काकू हसली. “मला ग काय होतेय?” मी ‘नाही’ या शब्दापुढे खूण केली, आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. प्रश्नावलीच्या नियमाने ते उत्तर अगदी बिनचूक नोंदले गेले होते.

चार दिवसांनी माळवदावर कुरडया वाळत घातल्या होत्या आणि कावळे हाकण्यास आम्हां दोघींना बसविले होते. म्हणजे मी बसले होते. ऊन कलले तशी काकू माझ्याकडे न पाहता म्हणाली, “तुझ्या त्या कागदात, उभे राहणाऱ्या बाईसाठी काही प्रश्न आहे का ग?” मग हळूहळू, एका-एका कुरडईची बाजू बदलीत, तिने सांगितले. धाकट्या मुलाच्या वेळी तिची अडलेली बाळंतीण झाली होती. दहाव्या दिवशी ती पाण्याच्या घागरीला लागली. तेव्हापासून अंग बाहेर येत होते. मांडी घालून बसले, की असह्य होई. चौदा वर्षे ती उभी होती. ती तेव्हा एकेचाळीस वर्षांची होती, आणि तिच्यापासून वीस पावलांवर नवरा निजत होता. त्याला हे ठाऊक नव्हते, की ठाऊक असून शब्द नव्हता, ते मी विचारले नाही.

मी आईला सांगितले. आईने दोन दिवस विचार करून अण्णांना सांगितले. अण्णांनी थोरल्या काकांना सांगितले, आणि थोरल्या काकांनी धाकट्या काकांना बोलावून ‘सौभाग्यवतीस पोटाचा काही विकार आहेसे कळते, शहरात दाखवून आणावे’ असे म्हटले. माळवदापासून ओसरीपर्यंत जिन्याच्या चौदा पायऱ्या. बातमीला नऊ दिवस लागले, आणि पोहोचेपर्यंत गर्भाशयाचे पोट झाले होते. दुखणे व दवाखाना यांमधील अंतर मैलांत मोजू नये, हे मी पुस्तकात पुढे वाचले. शस्त्रक्रिया झाली, काकू बरी झाली, आणि श्रावणात मंगळागौरीच्या पंगतीत ती पाटावर मांडी घालून बसलेली सर्वांनी पाहिली. घरात कोणी एक अक्षर बोलले नाही. आजी मात्र आईपाशी एवढेच म्हणाली, “बाईच्या जातीला ते असायचेच. आम्ही कुठे सांगत बसलो?” या ‘आम्ही’त किती बायका होत्या, हे मोजण्याचे साधन माझ्यापाशी नव्हते.

ते साधन दहा वर्षांनी दृष्टीस पडले, आणि तेही डॉक्टरांच्याच हातून. गडचिरोली जिल्ह्यातील वसा व अमिर्झा या दोन गावांत डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांचे सहकारी यांनी गावातील बायकांना ‘तुम्हांला त्रास आहे का’ असे विचारून थांबण्याऐवजी, दुखणे सांगणारी असो वा न सांगणारी, प्रत्येकीला तपासण्याचा घाट घातला. ६५० बायका तपासल्या. त्यांतील शेकडा ९२ जणींना स्त्रीरोगांपैकी एक ना एक विकार निघाला. आणि अशी तपासणी पूर्वी कधी झालेल्या बायका होत्या शेकडा अवघ्या ८. हा अभ्यास जानेवारी १९८९ मध्ये इंग्लंडच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकाच्या साप्ताहिकात छापून आला, तेव्हा जगभरच्या आरोग्याधिकाऱ्यांना धक्का बसला. तोवर गरीब देशांतील बाईचे आरोग्य म्हणजे तिचे बाळंतपण आणि तिचे संततिनियमन, एवढाच हिशेब मांडला जात असे. दोन बाळंतपणांच्या मधली बाई कोणाच्या वहीत नव्हतीच. तो अंक माझ्या हाती आला तेव्हा मी एका जिल्ह्याच्या गावी दवाखान्याच्या पडवीत बसले होते. मी शेकडा ९२ हा आकडा वाचला, आणि मला आमचे माजघर आठवले. चौघींपैकी निदान दोघी.

पुढील वर्षांचा वृत्तान्त विस्ताराने देण्यासारखा नाही. नोकरीत काम कोणी नेमून द्यावे तसे बदलत गेले. कधी क्षयाचे रोगी औषध अर्ध्यावर का सोडतात ते पाहिले, कधी बाळंतिणी रुग्णालयात येऊनही दुसऱ्या दिवशी पळून का जातात ते पाहिले. (त्याचे उत्तर पुष्कळदा फार साधे निघे: घरी म्हैस होती आणि धार काढणारे दुसरे कोणी नव्हते.) एका मोठ्या रुग्णालयात बाह्यरुग्ण विभागाच्या बाकावर घड्याळ घेऊन मी तीन आठवडे बसले आणि डॉक्टर एका रोग्याशी किती वेळ बोलतात ते टिपले. तो कागद वरिष्ठांपुढे गेल्यावर माझा चहा बंद झाला, हे वर सूचित केलेच आहे. त्या डॉक्टरांविषयी माझ्या मनात किंतु नाही. ज्याच्या दाराशी सकाळपासून दीडशे माणसे उभी आहेत, त्याने प्रत्येकीला ‘बाई, घरी कोण कोण आहे’ असे कसे विचारावे? तो प्रश्न विचारण्यासाठी दुसरे माणूस नेमावे लागते, आणि त्याला पगार द्यावा लागतो, एवढेच माझे म्हणणे होते व आहे.

निवृत्त होऊन मी अहमदपुरास परत आले, आणि वाटले की आता प्रश्न संपले. तोच शेजारच्या बीड जिल्ह्याची गोष्ट वर्तमानपत्रांतून येऊ लागली. ऊसतोडीस जाणाऱ्या बायकांची गर्भाशये काढली जात आहेत, आणि तीही ऐन तिशीत, असे ते वृत्त होते. २०१९ च्या जूनमध्ये विधिमंडळात सरकारनेच सांगितले, की तीन वर्षांत बीड जिल्ह्यातील खासगी रुग्णालयांत अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या. पुढे डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. तिच्यासाठी ऊसतोडणी करणाऱ्या ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, आणि त्यांतील १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे सहा जणींत एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरचे प्रमाण शेकडा तीनच्या आसपास होते. दोन्ही पाहण्यांची रीत निराळी असल्याने आकडा आकड्याशी काटेकोर ताडू नये, हे मी सवयीने नमूद करते. परंतु एवढी तफावत रीतीच्या फरकाने भरून निघत नाही.

आमच्या डोंगरपट्ट्यातूनही टोळ्या उसाला जातात. या व्यवहारात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादम कोयत्याला हंगामापूर्वी उचल देतो, ती तोडणीतून फेडावयाची. कोणी एका दिवशी कामावर आले नाही तर ‘खाडा’ धरून पैसे कापले जातात. फडापाशी संडास नाही, आडोसा नाही, पाळीच्या दिवसांत धुवावयास पाणी नाही. एका तांड्यावर मला अठ्ठावीस वर्षांची एक बाई भेटली. मी विचारले तसे तिने अगदी मोकळेपणी सांगितले, “पिशवी काढून टाकली माय. कटकट गेली.” कसली कटकट? “पाळीची. महिन्याला दोन-तीन खाडे पडायचे. अन् पांढरं बी जायचं. डाक्टर म्हणला, ठेवलीस तर क्यान्सर होतो.” तो डॉक्टर कोण, हे तिने सांगितले नाही, मीही विचारले नाही. शस्त्रक्रियेचे पैसे मुकादमाकडून उचलीतच घेतले होते, ते अजून फिटावयाचे होते. कंबर मात्र आता सतत दुखत होती, अंगातून वाफा निघत, मोळी डोक्यावर घेतली की अंधारी येई. पांढरे जाण्याचे दुखणे बहुतेक वेळा गोळ्यांनी बरे होण्यासारखे असते, आणि गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले गेले तर पन्नाशीचे म्हातारपण तिशीत अंगावर येते, हे तिला कोणी सांगितले नव्हते.

लोक संतापाने म्हणतात, डॉक्टरांना फासावर द्या. ज्यांनी भीती घालून पैसे केले त्यांना कायद्याने शासन व्हावेच. बीडमध्ये अशी शस्त्रक्रिया जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीवाचून होऊ नये, असा निर्बंध घातला गेला, तो योग्यच झाला. पण माझ्या धंद्याची खोड अशी, की मी त्या बाईचे वाक्य पुन्हा वाचते. ‘कटकट गेली’ असे ती म्हणाली. तिने संमती दिली होती, ती खोटी नव्हती. खाड्याचा हिशेब, उचलीचा हिशेब, फडावरचा आडोसा, डॉक्टरने घातलेली भीती आणि नवऱ्याची संमती हे सगळे एका बाजूला, आणि तिचे गर्भाशय दुसऱ्या बाजूला. अशा तराजूत तिने शहाणपणानेच निवड केली. निवड करण्यापूर्वी तिला कोणी, एकदा तरी, घाई नसलेल्या जागी बसवून, ‘तुला नेमके काय होते, आणि ते कशाने थांबावे असे तुला वाटते’ असे विचारले नाही.

आमच्या काकूला चौदा वर्षे डॉक्टर मिळाला नाही, आणि या बाईला तो एका दुपारी मिळाला. एकीचे घर सुशिक्षित, भिंती जाड, अब्रू मोठी. दुसरीला भिंतच नाही. दोघींची दुखणी मला एकाच जागी येऊन मिळताना दिसतात. ही गोष्ट आमच्यासारख्या घरांतून उच्चारली म्हणजे मंडळी नाराज होतात. ‘ऊसतोडीच्या बायकांची आणि आपली तुलना कशी होईल’ असे मला तोंडावर विचारण्यात आले आहे. ती करू नये अशी इच्छा असेल, तर आपापल्या घरी कोणती बाई कौतुकाने उभी आहे, ते आधी पाहून घ्यावे.

यंदा धाकट्या भावाच्या मुलीने, म्हणजे माझ्या भाचीने, एम.ए. झाल्यावर याच विषयात पुढे संशोधन करण्याचे ठरविले आहे. तिला उसावरून परतलेल्या बायकांमध्ये काम करावयाचे आहे. घरात त्यावरून महिनाभर वाद चालू होता. तिच्या वडिलांचे म्हणणे, शिकली ते ठीक, पण तांड्यांवर एकटीने हिंडावयाचे, असल्या गोष्टी विचारावयाच्या, आणि स्थळे पाहण्याचे वय! शिवाय पगार तो काय? ते मला म्हणाले, “ताई, या घराला एक औषध न देणारी बाई पुरे झाली.” भाऊ काही वाईट मनाचा नाही, आणि त्याच्या काळजीत खोटे काही नाही. पगाराविषयी तर तो अगदी बरोबर आहे.

परवा रात्री भाची आपली प्रश्नावली मला दाखवीत होती. प्रश्न एकूण चौसष्ट. फार होतात, असे मी म्हटले. वहिनी भाकऱ्या उरकून हात पुशीत आमच्यापाशी आली आणि कागद दिव्यासमोर धरून वाचू लागली. एरवी ती या वादात कोणाच्याच बाजूने बोलली नव्हती. सतराव्या प्रश्नावर तिने बोट ठेवले. “‘पोटाचा किंवा कमरेचा त्रास आहे काय?’ असे विचारशील तर कोणी हो म्हणावयाची नाही. त्रास कोणाला नसतो? ‘कोणते काम करताना थांबावे लागते’ असे विचार.” भाचीने ते लिहून घेतले. मग वहिनी जरा थांबून म्हणाली, “आणि हे सगळे तू तिकडे जाऊनच विचारणार का? मला नाही विचारणार?”

भाची कागद उचलून तिच्या मागोमाग वर गेली. मी खालीच राहिले आणि दार ओढून घेतले. भावाने विचारले, दोघी कोठे गेल्या. मी सांगितले, की काम चालू आहे. सोमवारी भाची किनगावच्या बाजूस जाणार आहे. हंगाम संपून टोळ्या परतल्या आहेत, आणि मृगापर्यंत बायका घरी सापडतात.